यंत्राच्या हाती वही देण्यापूर्वी

दुकानात नवा वजनकाटा आणला की त्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का आहे का, हे आपण आधी पाहतो. मुदत संपली की फेरपडताळणीही करून घ्यावी लागते. माप-तोलात कमी देणे हराम मानणाऱ्या घरांना ही शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही. पण आता मोबाईलमधून एक नवा काटा दुकानात येऊ लागला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजेच एआयची साधने बिले वाचतात, ग्राहकाच्या प्रश्नाला उत्तर देतात, बोललेले लिहून काढतात आणि उधारीची यादी करून देतात. त्यांच्यावर कोणाचा शिक्का नाही. तो आपणच पारखून मारायचा आहे. कसा, ते या लेखात पाहू.

आपल्या ओळखीच्या पिकापासून सुरुवात करू. बीड हा कापसाचा जिल्हा. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा आणि विदर्भातील शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले. फवारणी कधी करायची हे ठरवण्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज ८ पतंग सापडले, तर धोक्याची पातळी ओलांडली असे मानतात. २०१८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या वाधवानी एआय या संस्थेने सापळ्यातील कीटकांचा फोटो काढला की ते मोजून फवारणीचा सल्ला देणारे साधन तयार केले. या कामातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, यंत्राची मोजणी बरोबर की चूक हे माणसाने केलेल्या मोजणीशी ताडूनच कळते. दुसरी, फोटो सापळ्यातील कीटकांचा नसून भलत्याच वस्तूचा असेल, तर उगाच आकडा न सांगता तो नाकारण्याची सोयही त्या साधनात करावी लागली. ‘मला हे कळत नाही’ असे म्हणता येणे हासुद्धा यंत्राचा गुण आहे.

आता दुकानाकडे वळू. चाचणीची पहिली पायरी म्हणजे एकच काम निवडणे. ‘धंद्यात एआय आणायचे’ हे काम नव्हे. ‘उधारीच्या जुन्या वहीची पाने वाचून यादी करणे’ हे काम झाले.

दुसरी पायरी, नमुने गोळा करणे. आपल्याच वहीतील ५० जुन्या नोंदी घ्याव्यात आणि वही सांभाळणाऱ्या जाणत्या माणसाकडून त्यांची बरोबर उत्तरे आधीच लिहून घ्यावीत. साधन विकणारा स्वतःचे नमुने दाखवतो आणि ते नेहमीच सोपे असतात. आपल्या नमुन्यांत अवघड नोंदी मुद्दाम घालाव्यात. ‘पावणेआठशे’ म्हणजे ७७५ हे यंत्राला कळते का? दखनीत कोणी ‘ढाई हजार’ म्हणाले, तर २५०० लिहिले जातात का? रुईची खंडी ३५६ किलोची, तर धान्याची खंडी वीस मणांची, हा फरक त्याला माहीत आहे का? ईदला दुकान कोणत्या तारखेला बंद राहील असे विचारल्यावर ते ठाम तारीख सांगते, की चंद्रदर्शनावर अवलंबून आहे असे सांगते?

सर्वांत अवघड परीक्षा नावांची. आपल्याकडे एकाच गल्लीत एकाच नावाचे दोन-तीन शेख किंवा सय्यद असतात. एकाच माणसाचे नाव कुठे ‘महंमद’, कुठे ‘मोहम्मद’, तर कुठे ‘मुहम्मद’ असे लिहिलेले असते. यंत्राने दोन माणसांची उधारी एकत्र केली, तर ज्याने पै न पै फेडली त्याच्या दारात आपण वसुलीला जाऊ. एका माणसाची दोन खाती केली, तर आपलेच पैसे बुडतील. पहिली चूक जास्त वाईट, कारण तिच्यात दुसऱ्याची अब्रू जाते.

म्हणूनच चुका नुसत्या मोजून भागत नाही, त्यांची प्रतवारी करावी लागते. ५० पैकी ४७ नोंदी बरोबर आल्या म्हणजे ९४ टक्के. ऐकायला छान वाटते. पण उरलेल्या तीन चुका स्पेलिंगच्या असतील तर गोष्ट निराळी आणि तिन्ही रकमेच्या असतील तर निराळी. किती आणि कोणत्या चुका चालतील, हे चाचणीआधी कागदावर लिहून ठेवावे. नंतर ठरवायला बसलो की नवलाईच्या भरात मन सूट देते.

इथे हिशेबातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. ५० नमुन्यांत एकही चूक सापडली नाही, तरी यंत्र बिनचूक आहे असे सिद्ध होत नाही. संख्याशास्त्रातला ढोबळ नियम असा की, ३ ला नमुन्यांच्या संख्येने भागावे. ५० नमुन्यांमागे खरे चुकीचे प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत असू शकते. ३०० नमुने निर्दोष निघाले, तर ते १ टक्क्यापर्यंत असू शकते. पैशाचे काम असेल तर नमुने वाढवावेत.

तिसरी पायरी, महिनाभर दोन्ही चालवणे. वही माणसाने लिहावी, यंत्रानेही लिहावी आणि रात्री तिसऱ्याने दोन्ही ताडून पाहावे. घरात शिकलेली मुलगी किंवा सून असेल तर हे काम ती उत्तम करील आणि धंद्याचे बारकावेही शिकेल. ताडायला लागणारा वेळही मोजावा. यंत्राने एक तास वाचवला आणि त्याच्या चुका शोधण्यात सव्वा तास गेला, तर फायदा कुठला?

चौथी पायरी अमानतीची. ग्राहकाचा फोन नंबर, आधार, औषधांची चिठ्ठी किंवा उधारीची रक्कम ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. दक्षिण कोरियातील सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीची गोपनीय माहिती चॅटजीपीटीमध्ये टाकल्याचे उघड झाल्यावर, २०२३ मध्ये कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंधने घातली. आपल्या देशातही डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. चाचणी करताना खरी नावे आणि नंबर बदलूनच नमुने द्यावेत. वर सांगितलेली नावांची परीक्षाही तशीच सारखी वाटणारी बनावट नावे घालून घेता येते.

चूक झाल्यावर ‘यंत्र चुकले’ म्हणून सुटका होत नाही. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने कंपनीलाच जबाबदार धरून भरपाई द्यायला लावली. दुकानाच्या नावाने जे बोलले जाते, ते दुकानदाराचेच बोलणे असते.

ही साधने कंपन्या मधूनमधून बदलत असतात. काल बरोबर आलेले उत्तर उद्या तसेच येईल याची खात्री नाही. म्हणून नमुन्यांचा गठ्ठा जपून ठेवावा आणि दर तीन-चार महिन्यांनी तोच पुन्हा चालवून पाहावा.

चाचणीनंतर ‘नको’ असा निर्णय झाला, तरी श्रम वाया गेले असे समजू नये. ग्राहकांना पाठवायचे संदेश यंत्राने लिहावेत, उधारीची वही मात्र माणसाकडेच राहावी, असा मधला मार्गही निघू शकतो. वर्षानुवर्षे वही लिहिणाऱ्या मुनीमजींची किंमतही या महिन्यात नव्याने कळते. यंत्राची पारख ज्याच्या उत्तरांवरून केली, त्यालाच कामावरून काढले तर पुढची पारख कोण करणार?

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे आणि त्यासाठी साक्षीदारही सांगितले आहेत. लिहिणारा बदलला तरी साक्षीदाराची गरज संपत नाही. यंत्राने लिहिले असेल, तर साक्षीला आपण बसलेच पाहिजे.