‘कुठपर्यंत आलास?’ चालत्या गाडीतला हा फोन किती महागात पडतो, समजून घ्या

पहाटे साडेचारला भाजीपाल्याची पिकअप मार्केट यार्डाकडे निघते. गाव सुटत नाही तोच शेतकऱ्याचा फोन येतो, “माल नीट बांधलाय ना?” थोड्या वेळाने आडत्याचा, “कुठपर्यंत आलास? लिलाव सुरू होतोय.” दुधाचा टेम्पो, उसाचा ट्रॅक्टर, वडापची जीप, शाळेची व्हॅन... गाडीवर पोट असलेल्या प्रत्येकाची हीच गत आहे. फोन नाही उचलला तर भाडं हातचं जाईल ही भीती, आणि उचलला तर नजर रस्त्यावरून हटते.

पाच सेकंदांचा हिशोब

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. व्हॉट्सॲपवर आलेला भाव बघायला पाच सेकंद लागले, तर तेवढ्यात गाडी ८० मीटरपेक्षा जास्त पुढे गेलेली असते. म्हणजे क्रिकेटच्या चार खेळपट्ट्यांएवढं अंतर डोळे झाकून कापल्यासारखं झालं. रात्री डिपरच्या उजेडात साधारण ४०-५० मीटरपुढचंच दिसतं. वाटेत रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असेल, तर मान वर करेपर्यंत ब्रेक मारायची वेळ निघून गेलेली असते.

कानात हेडफोन असला म्हणजे झालं?

नाही. हात मोकळे राहतात, पण डोकं बोलण्यात गुंतलेलं असतं. पैशाचा वाद किंवा घरची काळजी फोनवर सुरू असेल, तर डोळे उघडे असूनही समोर आलेलं जनावर किंवा पोर लवकर लक्षात येत नाही. दोन्ही कानांत हेडफोन असले तर मागच्या गाडीचा हॉर्नही ऐकू येत नाही. दुचाकीवर हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास १० हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फक्त रस्ता बघण्यासाठी मॅप लावायला सूट आहे, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

दंड एकदा भरला की संपतो. खरा फटका लायसनचा आहे. गाडी चालवताना मोबाईल वापरल्यास लायसन किमान तीन महिने निलंबित करावं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना दिले आहेत. तीन महिने गाडी बंद म्हणजे हप्ता कुठून भरायचा? निलंबित लायसनवर गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फोन करणाऱ्यानेही विचार करावा

चालकाला सतत फोन करणारे आपणच असतो. गाडीमालक, आडत्या, मुकादम, घरचे. समोरच्याने फोन उचलला तर पहिला प्रश्न ‘गाडी चालवतोयस का?’ हा विचारावा. ‘हो’ म्हणाला की ‘थांबलास की फोन कर’ एवढं बोलून ठेवून द्यावा.

एवढं करता येईल

• निघण्याआधी माल, पत्ता, पैसे यांचं बोलणं उरकून घ्या. मॅपही गाडी उभी असतानाच लावा.
• कुठे थांबणार ते आधी ठरवा आणि ‘अमुक फाट्यावर पोचलो की फोन करतो’ असं सांगूनच निघा.
• फोनमधला ड्रायव्हिंग मोड किंवा ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू करा. घरच्या एका नंबरला त्यातून सूट देता येते.
• सोबत क्लीनर असेल तर फोन त्याच्याकडे द्या.
• फारच गरजेचा फोन असेल तर गाडी रस्त्याच्या खाली घ्या, पार्किंग लाईट लावा आणि मगच बोला. वळणावर किंवा पुलावर थांबू नका.

लिलाव दहा मिनिटं चुकला तर थोडा भाव कमी मिळेल. माल उद्याही विकता येतो. पण गाडी चालवणारा माणूस घरी परत आला पाहिजे.