पाखाडीचा हिशेब मनगटावर

रक्तदाबासाठी डॉक्टरांनी काकूला रोज चालायला सांगितलं, म्हणून आम्ही तिला फिटनेस बँड आणून दिला. दुसऱ्याच दिवशी ती कलमांच्या बागेतून पातेऱ्याचा भारा घेऊन आली. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर भारा, दोन्ही हात वर धरलेले. अंगणात भारा टाकलान आणि मनगट माझ्यापुढे केलंन. "माझी पावलं खाल्लीन की रे ह्यानं!"

खरंच खाल्ली होती. बँडला पाय दिसतच नाहीत. त्याच्या पोटातला अ‍ॅक्सेलरोमीटर मनगटाची हालचाल तिन्ही दिशांनी टिपतो आणि तिच्यातली चालण्याची लय ओळखून पाऊल धरतो. मांडवीच्या किनाऱ्यावर हात हलवत फिरणाऱ्याची मोजणी नीट होते. भारा धरलेला किंवा हातगाडी ढकलणारा हात मात्र जवळपास स्थिर असतो, आणि तिथे पावलं गळतात. ज्याचे कष्ट जास्त, त्याचाच आकडा कमी, हे मला फार लागलं.

त्यात आपला मुलूख चढउताराचा. भाट्याच्या वाळूवरची शंभर पावलं आणि जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढतानाची शंभर पावलं बँडला सारखीच. महागड्या घड्याळांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. साधारण साडेआठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, त्यावरून चढ कळतो. स्वस्त बँडमध्ये बहुधा तो नसतो.

मग पाखाडीचा हिशेब कोण ठेवतं? नाडी. बँडच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला तर हे गणित बिघडतं, म्हणून तो मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्टसर बांधावा. घामाने आणि पावसाने भिजलेलं मनगट अधूनमधून पुसावं. कॅलरीच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये सात उपकरणं तपासली. त्यांतल्या सहांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर आली, पण कॅलरीत सर्वांत बऱ्या उपकरणाचीही सरासरी चूक 27 टक्के होती.

आणि ती दहा हजार पावलं! काकूच्या मनावर त्यांचंच दडपण होतं. 1965 मध्ये जपानमध्ये एक पाऊलमापक विकायला आला, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर'. आकडा तिथून रूढ झाला. अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या 16,741 स्त्रियांच्या पाहणीत (2019) दिवसाला 4,400 पावलांपासूनच मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी दिसलं, आणि साडेसात हजारांनंतर फायदा फारसा वाढला नाही. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं मोजतच नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रम करायला सांगते. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की ते मध्यम श्रम.

छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बँडवर काहीही दिसो, दवाखाना गाठायचा. हे मी काकूला दोनदा बजावलं.

बँडवर आता पावलांऐवजी नाडी पहिली दिसते. पाखाडीच्या मध्यावर गडग्याला टेकून काकू तीच बघत बसते. ठोके उतरले की चुंबळ सारखी करते आणि उरलेल्या पायऱ्या चढते.