माळरान पडीक नव्हे

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नळदुर्ग ओलांडून पुढे निघाला की तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव लागते. या पट्ट्यात दोन प्रकारची जमीन दृष्टीस पडते. बोरी नदीच्या व ओढ्यानाल्यांच्या काठाने काळी, खोल जमीन असून तिच्यावर ज्वारी, तूर, सोयाबीन आणि ऊस उभा असतो. थोडे चढावर गेले की उथळ, मुरमाड माती लागते, मधूनमधून काळा कातळ उघडा पडलेला दिसतो आणि त्यावर वाऱ्याने डोलणारे गवत असते. पहिल्या जमिनीला शेत म्हणतात. दुसरी बोलण्यात ‘माळ’ असते आणि दप्तरात बहुधा ‘पडीक’. केंद्र शासनाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही अशा झुडपी व गवताळ जमिनींची नोंद पडीक या सदराखालीच होत आली आहे.

या एका शब्दाने माळरानाचे मोठे नुकसान केले आहे. जे पडीक, ते रिकामे आणि जे रिकामे, ते कोणत्याही कामासाठी देता येण्याजोगे, अशी समजूत त्यातून रूढ झाली. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी वृक्षारोपण, सौर ऊर्जा व पवन ऊर्जा यांचे कार्यक्रम वेगाने हाती घेतले जात असताना या समजुतीचा पुन्हा एकदा विचार होणे अगत्याचे आहे.

गवताखालचे भांडार

जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे ते आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; परंतु तो वेळेवर व सारखा पडेलच याची शाश्वती नाही. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पावसाचे दिवस कमी आणि एकेका दिवसाचा पाऊस अधिक, असा कल वाढत जातो. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पुरवावे लागले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यातीलच परंडा व भूम तालुक्यांत अतिवृष्टीने शेते पाण्याखाली गेली. दुष्काळ आणि महापूर ही दोन्ही संकटे आता एकाच प्रदेशाच्या वाट्याला येत आहेत.

अशा वेळी माळावरील गवताचे मोल ध्यानात येते. कुसळी, पवना, मारवेल यांसारख्या गवतांच्या मुळांचे दाट जाळे जमिनीत पसरलेले असते. धो धो पावसाचा मारा ते अंगावर घेते, माती धरून ठेवते आणि पाणी सावकाश मुरू देते. माळ उघडा पडला की तेच पाणी माती घेऊन ओढ्याला धावते. खालच्या विहिरी कोरड्या राहतात आणि तलाव गाळाने भरतात. शिवाय गवताने हवेतून शोषलेल्या कर्बाचा मोठा भाग मुळांत व मातीत साठतो. वणवा लागला तर झाडातील कर्ब पुष्कळसा हवेत परत जातो. मातीतील साठा त्या मानाने सुरक्षित राहतो. म्हणून चांगल्या स्थितीतील माळ राखणे हे हवामान बदलाविरुद्धचेच एक कार्य होय.

माळाचे रहिवासी

हा माळ निर्मनुष्य नाही, तसा निर्जीवही नाही. मेंढपाळांचे कळप त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चरत आले आहेत. दख्खनच्या माळांवर काळवीट, चिंकारा, लांडगा व खोकड वावरतात. चंडोल, धाविक व माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी गवतातील नाकतोडे व टोळ फस्त करतात आणि शेजारच्या शेतकऱ्याचे काम हलके करतात. हे जीव झाडीच्या अरण्यात जाऊन राहू शकत नाहीत. त्यांचे अरण्य गवताचेच आहे.

जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये एक वाघ स्वयंचलित कॅमेऱ्यात टिपला गेला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटरचा प्रवास करून तो येथवर आला होता. वन्यप्राणी अभयारण्याच्या हद्दीपुरता जगत नाही; ओढे, टेकड्या आणि माळ यांच्या सलग वाटेने तो फिरतो, हेच या घटनेवरून दिसून आले.

माळढोकाचा धडा

माळरानाकडे पाहण्याच्या दृष्टीची खरी परीक्षा सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे झाली. सुमारे एक मीटर उंचीचा व पंधरा किलोपर्यंत वजनाचा माळढोक हा उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक आहे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे, तेही जमिनीवर घालते. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली नान्नज परिसरातील माळाचे काही तुकडे चराईपासून राखण्यात आले. तेथे गवत वाढले आणि माळढोकांना आसरा मिळाला. गवत राखले तर पक्षी टिकतो, हे तेथे सिद्ध झाले.

पुढे १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य घोषित करण्यात आले. उद्देश उदात्त होता. परंतु या हद्दीत असंख्य गावे, खाजगी शेते आणि शहरी वस्तीही आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आल्याने शेतकऱ्यांत नाराजी पसरली आणि पक्षी हा गावाचा ठेवा न वाटता अडचण वाटू लागला. कालांतराने अभयारण्याचे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. दरम्यान बागायत वाढली, माळ नांगरले गेले, काही ठिकाणी गवताच्या जागी गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. अलीकडच्या काळात नान्नजला एखाददुसराच माळढोक दिसत आला आहे. देशभरात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आत मानली जाते आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. कागदावर मोठी रेषा ओढल्याने वन्यजीव वाचत नाही; गावाचा सहभाग नसेल तर रेषा टिकत नाही. तसेच प्रत्येक मोकळ्या जागी झाड लावणे म्हणजे निसर्गरक्षण नव्हे. झाडे लावावीत ती गावठाणात, शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी, रस्त्याच्या कडेला आणि पूर्वी जेथे झाडी होती तेथे. नैसर्गिक गवताळ माळावर खड्डे खोदून दाट लागवड केल्यास माळाचे गवत व त्यावर जगणारे जीव दोन्ही नाहीसे होतात.

सूर्य, वारा आणि माळ

भारताने २०३० पर्यंत अजीवाश्म स्रोतांपासून ५०० गिगावॉट विद्युत क्षमता उभारण्याचे आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेद्वारे शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी शासकीय जमिनींवर सौर प्रकल्प उभे राहत आहेत. धाराशिव जिल्ह्याच्या पठारांवर पवनचक्क्याही फिरू लागल्या आहेत. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाच्या विजेचे महत्त्व सांगावे लागत नाही. ही वीज हवीच आहे.

प्रश्न आहे तो जागेच्या निवडीचा. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही व जड शरीरामुळे त्याला चटकन वळताही येत नाही. त्यामुळे उघड्या विद्युत तारांवर आदळून हे पक्षी मरतात. याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी राजस्थान व गुजरातमधील तारांसंबंधी आदेश दिले. २१ मार्च २०२४ रोजी ते सुधारताना हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क न्यायालयाने मान्य केला आणि पक्षिरक्षण व सौर ऊर्जा यांचा मेळ घालण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. एकीसाठी दुसरीचा बळी देण्याचे कारण नाही, हे सूत्र जळकोटच्या माळालाही लागू पडते. घरांची व शासकीय इमारतींची छपरे, आधीच खोदलेल्या खाणपट्ट्यांच्या जागा आणि वापराबाहेर गेलेली आवारे यांचा प्रथम विचार व्हावा. माळाची जागा अपरिहार्य असेल तर गवत, पाणवठे व पक्ष्यांची घरटी यांची पाहणी आधी व्हावी आणि तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा बसवाव्यात.

गावाच्या हाती काय आहे?

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही कपाटात पडून राहते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह पावसाळ्यात व हिवाळ्यात एकेकदा माळ फिरून गवते, पक्षी, प्राणी व पाणवठे यांची भर तीत घातली, तर जमिनीच्या मागणीचा प्रस्ताव येईल त्या दिवशी ‘येथे काहीच नाही’ या विधानाला ग्रामसभेपाशी लेखी उत्तर असेल.

गायरानांच्या रक्षणासाठी शासनाचा १२ जुलै २०११ चा निर्णय अस्तित्वात आहे. त्याच्या आधारे गायरानाची हद्द कायम करून घेणे हे ग्रामपंचायतीचे पहिले काम होय. दुसरे काम चराईच्या शिस्तीचे. संपूर्ण माळ एकदम बंद केल्यास मेंढपाळाचे जीवन अडचणीत येते. म्हणून माळाचे भाग पाडून ते आळीपाळीने राखावेत आणि गवताचे बी जमिनीवर पडल्यानंतरच कापणी करावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी व गवत कापून नेण्याची पद्धत स्वीकारून चाऱ्याचा प्रश्न कसा सोडविला, हे राज्याला परिचित आहे. लांडग्याने शेळी-मेंढी मारल्यास वन विभागाकडून अर्थसाहाय्य मिळू शकते, ही माहितीही मेंढपाळांच्या तळापर्यंत पोचली पाहिजे. घटना ताबडतोब कळविली तर पंचनामा सुलभ होतो आणि विषप्रयोगासारखा बेकायदेशीर मार्ग कोणी धरत नाही. माळढोक, काळवीट, चिंकारा व लांडगा या सर्वांना वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

जळकोटपासून जवळच असलेल्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारण्यात आला. पाण्याचा वेग ओळखून, त्याला वाट ठेवून केलेले ते बांधकाम चारशे वर्षांनंतरही उभे आहे. निसर्गाची रीत जाणून घेऊन केलेले कामच टिकते. माळाच्या बाबतीतही प्रथम त्याची ओळख करून घ्यावी लागेल. त्या दृष्टीने गावाच्या दप्तरात ‘पडीक’ या शब्दाशेजारी ‘गवताळ माळ’ अशी नोंद होणे, ही लहान वाटली तरी महत्त्वाची सुरुवात ठरेल.