साहेबाचे कट्टे

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ आहेत. १८६८ सालच्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम शोधला, असं मीही पोरांना सांगत असे. एकदा एका मुलीनं विचारलं, “पण साहेबाक हय कोणी बघल्यान?” माझी बोलती बंद! पुस्तकं चाळली. १८६८ मध्ये साहेब इंग्लंडातच होते; विजयदुर्गला आले ते १८९८ च्या ग्रहणाला. मात्र त्या ऑक्टोबरात, ग्रहण नसतानाही, सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात त्यांना एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमच्या रेषांशी जुळेना. मग ही कुणाची? हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. रॅम्झे यांना पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं. आता मी कट्ट्यांवर १८९८ सांगतो. काही गाववाले रुसतात.