चोळमंडल : बाटिकच्या कमाईवर वसलेले कलाग्राम

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर, इंजंबक्कम इथे चोळमंडल हे चित्रकार-शिल्पकारांचे गाव आहे. १९६६ साली ते वसले. त्याची कहाणी बहुधा के. सी. एस. पणिक्कर या थोर चित्रकाराच्या द्रष्टेपणाची म्हणून सांगितली जाते. पणिक्करांचे श्रेय निर्विवाद आहे. पण हे गाव इतकी वर्षे टिकले, त्याचे खरे कारण त्याच्या जमाखर्चात सापडते.

पणिक्कर १९५७ पासून मद्रासच्या कलाशाळेचे प्राचार्य होते. विद्यार्थी पदविका घेऊन बाहेर पडत, पण शहरात चित्रांना गिऱ्हाईक नव्हते. मिळेल त्या नोकरीत शिरायचे आणि कुंचला बाजूला ठेवायचा, हाच बहुतेकांचा मार्ग होता. पणिक्करांनी अनुदानासाठी अर्ज करण्याऐवजी या मुलांना हस्तकलेकडे वळवले. आर्टिस्ट्स हँडिक्राफ्ट्स असोसिएशन स्थापन झाली, मेण आणि रंगांनी कापडावर केलेले बाटिककाम विकले जाऊ लागले आणि त्या कमाईतून समुद्राजवळ सुमारे १० एकर जमीन घेतली गेली. दिवसाचा काही वेळ विक्रीच्या वस्तूंसाठी, उरलेला स्वतःच्या चित्र-शिल्पांसाठी, अशी वाटणी झाली. घरे, कार्यशाळा, चित्रदालन आणि खुला रंगमंच हे सारे पुढे टप्प्याटप्प्याने उभे राहिले.

याच्याशेजारी मुंबईचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप ठेवून पाहावा. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या या गटाकडे प्रतिभेची वाण नव्हती. तरी सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला, आणि काही वर्षांत गट विस्कटला. कोणी म्हणेल, पांगूनही ते जगप्रसिद्ध झालेच ना? झाले, पण ते यश एकेकट्याचे होते. गटाची अशी वास्तू किंवा सामायिक उत्पन्न मागे राहिले नाही. चोळमंडलमधूनही विश्वनाधन पॅरिसला गेले, एस. जी. वासुदेव बंगळूरला, तरी गाव मोडले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : पोटासाठी केलेली कारागिरी अस्सल कलेला बाधते. इथे मद्रासचा इतिहासच उलट साक्ष देतो. ती कलाशाळा १८५० मध्ये अलेक्झांडर हंटर यांनी सुरू केली, ती मुळात हस्तव्यवसाय शिकवण्यासाठी. चित्रकार आणि कारागीर यांच्यातली भिंत तिथे पहिल्यापासून पातळ होती. पणिक्करांचे पुत्र नंदगोपाल यांची धातुशिल्पे पाहिली की ठोकणे, जोडणे ही कारागिराची कामे शिल्पाच्या भाषेत कशी मुरली आहेत ते कळते.

अर्थात, साठच्या दशकातल्या भावाने किनाऱ्यावरची जमीन आज मिळणार नाही. मूठभर सभासदांची वसाहत बंदिस्त होण्याचा धोकाही असतो. त्यावरचा उतारा म्हणून दालने आणि मद्रास कलाचळवळीचे संग्रहालय लोकांसाठी खुले आहेत. म्हणून नक्कल करायची तर जमिनीच्या व्यवहाराची नव्हे, क्रमाची करावी. आपल्याकडे आधी वास्तूचे भूमिपूजन होते, कलावंत आणि देखभालीचा खर्च यांचा विचार नंतर. चोळमंडलने आधी कलावंतांच्या मिळकतीची सोय केली आणि मग वीट रचली. नवे कलाकेंद्र मंजूर करणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने आराखड्याआधी हा हिशेब मागावा.