बाहेरून आलेला दुकानदार: समज आणि वस्तुस्थिती

नंदुरबारच्या बाजारपेठेतल्या गुजराती, मारवाडी, सिंधी दुकानदारांविषयी जे बोललं जातं, तेच अमेरिकेत कोरियन दुकानदारांविषयी बोललं जातं: धंदा यांच्या रक्तातच, आणि आले तेच पैसा घेऊन.

रक्ताचं आधी पाहू. १९६५च्या स्थलांतर कायद्याने दार उघडल्यावर अमेरिकेत गेलेल्या कोरियनांत पदवीधर भरपूर होते. पण इंग्रजी तोकडं आणि मायदेशातली पदवी तिथे चालेना, म्हणून शिकलेली माणसं किराणा, भाजी, लाँड्रीच्या गल्ल्यावर बसली. फाळणीनंतर महाराष्ट्रात आलेल्या सिंध्यांतही सरकारी नोकरीची परंपरा असलेले आमिल होते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, उतरल्यावर अनेकांनी फेरीपासून सुरुवात केली. हौसेने नव्हे, दुसरा रस्ताच नव्हता.

भांडवलाची गोष्ट जास्त रंजक आहे. बँक दारात उभी करत नाही तेव्हा कोरियन माणसं ‘के’ लावतात. ही आपली भिशीच: ओळखीतल्यांनी दरमहा ठरावीक रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकेकाने सगळी उचलायची. तारण काही नाही. पहिल्या महिन्यात उचलणाऱ्याने शेवटपर्यंत हप्ते भरायचे. बुडवले तर समाजात तोंड दाखवायला जागा नाही. त्यात नवरा-बायको पहाटेपासून रात्रीपर्यंत दुकानात, शाळेतून आलेली पोरंही मदतीला. पाहणाऱ्याला जो नफा दिसतो, तो बराचसा घरच्यांची न दिलेली मजुरी असतो. आणि हे सारं किती ठिसूळ! १९९२च्या लॉस एंजेलिसच्या दंगलीत दोन हजारांवर कोरियन दुकानं लुटली, जाळली गेली.

मराठी माणूस असा परमुलखात दुकान थाटत नाही, हा आणखी एक लाडका समज. पण सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी गावांतले गलाईवाले केरळपासून कोलकात्यापर्यंत सराफ बाजारांत जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करतात. गावाकडचा पोरगा नातेवाइकाच्या दुकानात काम शिकतो, मग स्वतःचं मांडतो.

राहिला ‘बाहेरचे ते बाहेरचेच’ हा शेरा. तो नंदुरबारात तरी करू नये. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन पोलिसांच्या गोळ्यांना सामोरा गेलेला, अजून सोळाही न झालेला शिरीषकुमार मेहता इथल्याच गुजराती व्यापारी घरातला एकुलता एक मुलगा होता.