घटकाभराची सूचना

तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग हे गाव बोरी नदीच्या काठी, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर वसलेले आहे. किल्ल्यातील उपली बुरुजावर उभे राहिले असता सभोवतीचा मुलूख दूरवर दृष्टीस पडतो. माळ उघडा, झाडे विरळ. बांधावर कोठे एखादी बाभूळ, कोठे लिंब. अशा भूमीवर काम करणारा मनुष्य हाच पुष्कळदा आसपासची सर्वांत उंच वस्तू ठरतो, आणि विजेच्या दृष्टीने एवढे कारण पुरेसे असते.

या भागात गडगडाटी वादळाचे हंगाम दोन. पहिला एप्रिलपासून मृगापर्यंतचा, म्हणजे वळवाचा. दुसरा मोसमी पाऊस परतू लागतो तेव्हाचा. दुसरा हंगाम अधिक घातक म्हणावा लागेल, कारण त्याच सुमारास सोयाबीनची काढणी चालू असते. दुपारपर्यंत ऊन रखरखते. काढणीचे गुत्ते घेतलेले मजूर ओळीने वाकून कापणी करीत असतात. एका कडेला पेंढ्यांची बनीम रचणे चालते. तीनच्या सुमारास पश्चिमेकडे ढगांचे डोंगर उभे राहतात. वारा एकाएकी पडतो, मग थंड झोत येतो. मेघातील पावसाने गार झालेली जड हवा खाली कोसळून जमिनीवर पसरते, तो हा झोत होय. त्याचा वेग ताशी ४० ते ५० किलोमीटरपर्यंत सहज जातो. गोठ्यावरील सैल पत्रा उडवावयास तेवढा वेग पुष्कळ झाला. पाऊस मात्र अद्याप पडलेला नसतो, आणि येथेच चूक घडते. बनीम भिजेल या धास्तीने घरधनी ताडपत्री घेऊन धावतो, गुत्तेकरी उरलेल्या दोन ओळी आटोपू पाहतात. अंगावर थेंब पडेपर्यंत संकट आले असे कोणासही वाटत नाही. वस्तुतः वीज पावसाची वाट पाहत नाही. मेघापासून दहा किलोमीटर दूर, कोरड्या रानातही ती पडू शकते.

देशात विजेने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्यांत शेतात राबणाऱ्यांचा भरणा मोठा असतो.

वादळाची सूचना आधी देता येते, हा विचार फार जुना नाही. अमेरिकेत ज्यास टोर्नेडो म्हणतात तो आपल्याकडील उन्हाळी वावटळीहून निराळा. वावटळ तापलेल्या जमिनीवरून, निरभ्र आकाशाखाली उठते व विरून जाते. टोर्नेडो हा गडगडाटी मेघातून जमिनीपर्यंत उतरलेला प्रचंड वेगाचा भोवरा असतो. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमा राज्यातील टिंकर येथील हवाई दलाच्या तळावर असा भोवरा येऊन आदळला व अनेक विमानांची नासाडी झाली. फॉबुश व मिलर या तेथील दोन हवामान अधिकाऱ्यांनी लागलीच जुन्या नोंदी तपासल्या. २५ मार्च रोजी तशीच लक्षणे दिसताच त्यांनी तळाला सूचना दिली. विमाने आडोशाला नेण्यात आली, सुटे सामान बांधण्यात आले. त्याच संध्याकाळी भोवरा पुन्हा तळावर आला. हानी झाली, पण पहिल्या खेपेपेक्षा कमी. पाचच दिवसांपूर्वीचा अनुभव ताजा होता म्हणून तेथील लोकांनी सूचना ऐकली, हेही नाकारता येत नाही.

मराठवाड्यात टोर्नेडोचे भय मानण्याचे कारण नाही. विजेची सूचना मात्र येथे आता मिळू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने वीज टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे प्रथम महाराष्ट्रात उभारले. त्याच संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे उपयोजन भ्रमणध्वनीवर घेतले असता आपल्यापासून २० व ४० किलोमीटरच्या वर्तुळांत पडणाऱ्या विजा कळतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारे वादळ २० किलोमीटर अंतर २४ मिनिटांत, म्हणजे नेमके एका घटकेत कापते. बनीम झाकून गावाकडे निघण्यास एवढा अवधी पुरतो; मात्र पहिल्या मिनिटास उठले पाहिजे. हवामान खात्याचा पिवळा वा नारिंगी इशारा सकाळीच आला असेल, तर ताडपत्री व तिच्या कडांना दाबावयाचे दगड कामास लागण्यापूर्वीच बनिमीपाशी ठेवावेत, म्हणजे दुपारी धावपळ उरत नाही.

अडचण आहे ती शेवटच्या फर्लांगाची. सूचना भ्रमणध्वनीवर येते आणि भ्रमणध्वनी बांधावरच्या पिशवीत, जेवणाच्या डब्यापाशी असतो. शिवाय गुत्त्याचे काम एकरावर ठरलेले. थांबलेला तास मजुराच्या पदरचा जातो. तेव्हा काम थांबविण्याचा शब्द घरधन्यानेच दिला पाहिजे, आणि तो गुत्ते ठरविताना, आदल्या दिवशीच द्यावा हे बरे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतीच्या अथवा मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून सूचना देण्याची व्यवस्था लावल्यास ती माळावरही ऐकू जाते.

भ्रमणध्वनी नसला तरी कान व डोळे आहेतच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. आवाजास एक किलोमीटर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. मोजणी तिसाच्या आत आली की काम सोडावे व पक्क्या घरात अथवा बंद मोटारीत, एस. टी. त जावे. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड सुरक्षित नव्हे. लिंबाखाली उभे राहणे तर सर्वांत वाईट: झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी घेते, आणि मुळांजवळच्या जमिनीतूनही पसरते. झाडाखाली बांधलेली जनावरे एकाच वेळी मरतात ती यामुळेच. पुढील व मागील पायांत अंतर असल्याने जमिनीतील प्रवाह त्यांच्या शरीरातून वाहतो. जनावरे झाडापासून व तारेच्या कुंपणापासून दूर न्यावीत, आणि तीही वेळ असेल तरच. विहीर, मोटारीचा स्टार्टर व तारा यांना हात लावू नये. गाव गाठता आले नाही, तर एकमेकांपासून दूर होऊन, खोलगट जागी पाय जुळवून उकिडवे बसावे, कान झाकावेत. आडवे पडू नये. याने धोका कमी होतो इतकेच, टळत नाही.

पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत अद्याप ऐकू येते. तिला आधार नाही. पण तिच्यापायी इतरजण निर्धास्त राहतात, हा तिचा खरा दोष. दुसरी समजूत याहून घातक: वीज पडलेल्या मनुष्यास शिवू नये. त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. श्वास बंद पडला असेल तर त्याच क्षणी छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी जोराने, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा दाब द्यावा, दुसऱ्याने १०८ क्रमांकास बोलवावे, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दाब थांबवू नये. या उपायाने माणसे वाचलेली आहेत. मृत्यू घडल्यास वारसांना शासनाकडून ४ लाख रुपयांचे साहाय्य मिळते. त्यासाठी महसूल कर्मचाऱ्यांस त्वरित कळवून पंचनामा व शवविच्छेदन करून घ्यावे लागते. दुःखात ते राहून जाते, म्हणून कार्यकर्त्याने स्वतः लक्ष घालावे.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास शेतात परतू नये. ऊन पडले तरी ढग अजून पूर्वेला घुमत असतो. तोवर भिजलेल्या पेंढ्या तशाच राहू द्याव्यात. नंतर बनीम उघडून वरचा थर वेगळा करावा, उन्हात पसरावा व शेंगा खडखडीत वाळल्यावरच मळणी यंत्रात घालाव्यात.